भाताची परात

माझी नात नागपूरला शिकते. परवा तिचा फोन आला. फोन माझ्या मुलाच्या हातात होता, पण आवाज सगळ्या घराला जात होता. ती म्हणत होती, तुम्ही पाठवता तेवढ्यात नागपुरात राहता येते, मजा करता येत नाही. मैत्रिणी फिरून राहिल्या अन मी खोलीत बसून राहिली. मी म्हटलं, आण इकडे तो फोन. म्हटलं, "बाई, मजा कराले पैशे लागतात हे तुले कोनं सांगितलं?" ती म्हणाली, "आबाजी, तुमचा जमाना वेगळा होता." हे बोलणं मला बिलकुल आवडत नाही. जमाना कोणाला हात धरून फिरवत नाही. मीही नागपूरचा विद्यार्थी होतो, आणि मी जेवढी मजा केली तेवढी तिच्या मैत्रिणी बापजन्मी करणार नाहीत.

आता कोणी म्हणेल, हा सातवी पास म्हातारा कुठला विद्यार्थी. तर सांगतो. आठवीच्या वर्गात मी बसलो होतो, पण धान कापणीला आले म्हणून उठलो, आणि परत बस असं कोणी म्हटलं नाही. तरी मी नागपुरात शिकलो हे खरं आहे, आणि ज्याला खोटं वाटतं त्यानं आपली जळलेली मोटार घेऊन माझ्याकडे यावं. मुलगा म्हणाला, बाबूजी, तुम्ही सांगा, मी मोबाइलवर लिहून घेतो. मी म्हटलं, माझं तोंड अन तुझी बोटं यांच्यामधी माझी गोष्ट कुठं सांडेल याचा भरवसा नाही. म्हणून स्वतःच लिहून राहिलो आहे. अक्षर वाकडं आहे. गोष्ट सरळ आहे.

आमचं गाव गोंदियाकडं, कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आत. आम्ही पोवार, घरात पोवारी बोलतो आणि चारचौघांत झाडीबोली. घर मातीचं, अंगण शेणानं सारवलेलं, आणि मागच्या बाजूला विहीर. त्या विहिरीवर माझ्या बाबूजींनी विजेची मोटार बसवली, तेव्हापासून आमच्या घरात एक नवीन माणूस राहायला आल्यासारखं झालं. उन्हाळी धानाच्या दिवसांत ती मोटार सकाळपासून घुमायची. माय चुलीवर भात शिजवताना, आम्ही जेवताना, दुपारी पडल्यावर तिचा एकसारखा आवाज कानात असायचा. तो आवाज जरासा जड झाला की बाबूजींचा घास हातातच थांबायचा. आम्हीही चावायचं थांबवायचो. आवाज सुधारला तर घास तोंडात जायचा. नाही सुधारला तर करपलेला वास यायचा, आणि बाबूजी हात न धुताच विहिरीकडे पळायचे. विजेचा दाब कमी असायचा, मोटार जळायची. मग जवळच्या गोरेगावचा मिस्त्री. तो आज येतो म्हणायचा आणि तिकडे पाण्यावाचून धानाच्या बांध्यांना भेगा पडायच्या.

अशीच एकदा मोटार जळाली, त्या दिवशी बाबूजी पाटावर बसल्या बसल्या म्हणाले, "टेकू, तू नागपूरले जा अन हे मोटार भराचं शिकून ये. त्या मिस्त्रीच्या दारात बसून बसून माझी धोतरं फाटली."

माय म्हणाली, "टुरा खाईल काय तिथं? तिथचे लोक पोळ्या खातेत."

तिची काळजी खरी होती. आमच्याकडे सकाळी भाताची पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात. पोळी म्हणजे बाहेरचा साहेब आला तर त्याच्यासाठी. बाबूजी म्हणाले, "तांदूळ देऊ संगं. चिन्नोर दे."

"अन पैशे?"

बाबूजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि मला आजही आठवते, त्यांच्या तोंडावर खरंखुरं आश्चर्य होतं. "तांदूळ असल्यावर पैशे कायले लागतात?"

ते चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात न्हावी धान घ्यायचा, कुंभार धान घ्यायचा, लोहार धान घ्यायचा, बांगड्यावाली सुपात धान मोजून घ्यायची. बाबूजींनी आयुष्यात धानानं सगळं घेतलं होतं. नागपूर हे एक मोठं गाव, तिथं न्हावी-कुंभार जास्त असतील, एवढाच त्यांचा हिशेब. येण्या-जाण्याचं भाडं, शिकवणीची फी आणि चिन्नोर तांदळाचं एक पोतं एवढं घेऊन मी नागपूरला उतरलो.

नागपूरच्या महाल भागात आमच्याच गावचा योगराज कॉलेजात शिकत होता. त्याची एक खोली होती, ती इतकी अरुंद की दोघांनी एकदम कूस बदलावी लागे. मी गेल्यावर माझं पोतं भिंतीला लागलं आणि योगराज त्याला पाठ टेकून अभ्यास करू लागला. मी गांधीबागेत एका मास्तरकडे मोटार भरायला, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायला, शिकायला जायचो. टिनाचं शेड होतं, पण आम्ही त्याला कॉलेजच म्हणायचो. मास्तर तारेचे वेढे मोजायला लावायचे आणि मोजताना कोणी बोललं की तारेच्याच गुंडाळीनं मारायचे. दुपारी सुट्टी झाली की सगळं नागपूर मोकळं, आणि खिसाही.

पहिल्या रविवारी मी दुपट्ट्यात पायलीभर तांदूळ बांधला आणि बर्डीच्या बाजारात गेलो. तिथं एक जण गाड्यावर पोहे विकत होता आणि पोह्यावर लाल तर्री ओतत होता. त्या तर्रीच्या वासानं माझ्या पायांनी माझं ऐकणं सोडलं. मी गाड्यासमोर दुपट्टा उघडला.

"क्या है ये?" पोहेवाला म्हणाला.

"चावल."

"वो तो दिख रहा है. मैं क्या करूँ इसका?"

"घे अन पोहे दे."

बाजूला उभे असलेले कॉलेजचे टुरे एवढे हसले की एकाच्या नाकातून तर्री आली. मी हललो नाही. माझ्या तांदळात काही खोट नव्हती, मी कायले लाजू? मागे पोत्यावर बसून पोहेवाल्याची आई कांदे चिरत होती. ती उठली, चिमूटभर तांदूळ तळहातावर घासले, नाकाला लावले आणि डोळे मिटले. मग मुलाला म्हणाली, "मूर्खा, चिन्नोर हाये. दे त्याले." ती भंडाऱ्याकडची निघाली. त्या दिवसापासून माझे पोहे बांधलेले होते, आणि तर्री दोनदा. योगराजला सांगितलं तर त्याला खोटं वाटलं. मी त्याला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "टेकू, तू हे कोनाले सांगू नको, लोक हसतीन." मी म्हटलं, "हसू दे. हसताना त्यांचेच पोहे थंडे होतात."

दुसरी मजा साडीच्या दुकानांची. उन्हाळ्यात बर्डीवर साडीच्या मोठ्या दुकानात शिरायचं, चप्पल बाहेर काढून पांढऱ्याशुभ्र गादीवर बसायचं. डोक्यावर पंखा फिरायचा, टुरा थंडं पाणी आणून द्यायचा. मी म्हणायचो, बहिणीचं लग्न आहे. मला बहीण नाही, पण गावात कोणाची तरी बहीण लग्नाची असतेच. दुकानदार साड्या उघडत जायचा आणि मी एकेक बोटानं चाचपून "काठ मोठा आहे", "रंग उडेल" असं म्हणत जायचो. शेवटी म्हणायचो, मायला घेऊन येतो. घाम वाळलेला असायचा, साड्यांचं ज्ञान वाढलेलं असायचं. पुढं लग्न झाल्यावर बायकोला साडी घ्यायला मी त्याच दुकानात गेलो, तेव्हा तो दुकानदार म्हणाला, "आली का माय?" मी म्हटलं, "माय नाही, बायको आली." त्यानं पाणी मागवलं, पण पैसे दाखवल्याशिवाय एक घडी उलगडली नाही.

पण खरी मजा लग्नांची, आणि ती सांगायची म्हणजे आधी आमच्या पंगतीचं सांगायला पाहिजे. आमच्या गावात लग्नाला भाड्यानं वाढपी आणत नाहीत. ज्याच्या मिशा फुटल्या आणि ज्याचे हातपाय धड आहेत तो दुपट्टा कमरेला बांधतो आणि वाढायला लागतो. त्याला बोलवावं लागत नाही. वाढणारे सगळ्यांत शेवटी जेवतात. भात बांबूच्या टोपलीतून वाढायचा आणि पाहुण्यानं दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले तरी बोटांवरून वाढायचा. पंगतीत कोणी "भात" असं ओरडला आणि भात आला नाही, तर ती नवरीच्या बापाची नाही, सगळ्या गावाची बेअब्रू. भात वाढण्यात माझा हात नावाजलेला होता. शेजारच्या गावातली माणसं जेवताना विचारायची, टेकू आहे का भातावर? असला तर सावकाश जेवू, नसला तर आधीच भरून घेऊ.

तर एका दुपारी मी महालातून चाललो होतो. एका मंगल कार्यालयात लग्न होतं. दारावरून जाताना आतून आवाज आला, "भात! अरे, भात आणा!" मी थांबलो. परत आवाज आला, "भाऽऽत!" मी दारातून आत पाहिलं. लांबच लांब पंगत, आणि एक पांढऱ्या टोपीचा म्हातारा रिकाम्या पत्रावळीवर हात वर करून बसलेला. पलीकडे भाड्याचे वाढपी भिंतीला टेकून गप्पा मारत होते. मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? मी हात धुतले, दुपट्टा कमरेला बांधला, भाताची परात उचलली आणि म्हाताऱ्यासमोर गेलो. तिथं वाटीनं मुदी पाडत होते, लहान पोराच्या मुठीएवढ्या. मी वाटी बाजूला ठेवली आणि ताटलीनं वाढलं, आमच्याकडे वाढतात तसं. म्हाताऱ्यानं भाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आजवर कुठं होतास रे?"

तीन ओळी मी एकट्यानं सांभाळल्या. नवरीचा मामा पाठीवर थाप मारून गेला; त्याला वाटलं मी नवरदेवाकडचा. नवरदेवाचे काका म्हणाले, मुलीकडची मंडळी कामाची दिसतात. आचारी जबलपूरचा होता, सगळे त्याला महाराज म्हणायचे. तो मात्र भडकला. "ओ भैया, धीरे! पूरा चावल एक ही लाइन में खतम करेगा क्या?" मी म्हटलं, "और पकाओ." शेवटची पंगत उठल्यावर मी वाढप्यांबरोबर बसलो. मसालेभात, वरण, जिलबी. पोट भरून घरी आलो.

योगराजनं ऐकलं आणि पुस्तक मिटलं. "म्हंजे तू बिनबोलावता जेवून आला?"

"मी वाढून जेवलो."

"तुले बोलावलं कोनं?"

"त्या म्हाताऱ्यानं. दोनदा बोलावलं."

"तो भाताले बोलावत होता!"

"मंग? मी भातच घेऊन गेलो होतो."

योगराज शिकलेला होता, म्हणून त्याला यातला फरक कळला नाही. बिनबोलावता पाटावर बसणं वेगळं आणि परात उचलणं वेगळं. मी त्यानंतर नागपुरात लग्नसराईभर रविवारी वाढलं, आणि माझे नेम ठरलेले होते. आत जाऊन आधी उभं राहायचं. सगळं नीट चाललं असेल तर परत यायचं. कोणी भात मागितला आणि मिळाला नाही, तरच हात धुवायचे. जेवायचं शेवटी. बँडवाल्यांचे बँड ऐकले, रोषणाई पाहिली, अत्तराचे फवारे अंगावर घेतले, नागपूरच्या मोठमोठ्या घरांतल्या बाया-माणसं पाहिली. योगराज एकदा माझ्यामागून आला आणि सरळ पहिल्या पंगतीत पाटावर जाऊन बसला. शेजारच्यानं विचारलं, आपण कोणाकडचे? हा म्हणाला, नवरीकडचा. ती नवरीच्या भावांची रांग होती. बिचारा जिलबीपर्यंतसुद्धा पोचला नाही.

महाराज मला ओळखू लागला. माझे केस मोठे होते, भातात पडतील म्हणून त्यानं मला एक पांढरी टोपी दिली. एकदा म्हणाला, "मेरे पास लग जा. रोजी दूँगा, खाना अलग." मी परात खाली ठेवली. म्हटलं, "मैं क्या नौकर हूँ?" त्याला कळेना. बिनपैशाचा वाढतो आणि पैसे दिले तर चिडतो, असा माणूस त्यानं पाहिला नव्हता. मी त्याला रोजी दिली असती तर त्यानं घेतली असती. माझं तसं नाही.

आता पारबताचं सांगतो. त्या साली शिवरात्रीला मी घरी आलो होतो आणि नागऱ्याच्या जत्रेला गेलो. देवळाच्या बाजूला सुपं-टोपल्या विकणाऱ्या बाया बसल्या होत्या. एक टुरी एकेक सूप उचलून उन्हाकडे धरत होती आणि "हे गळते" म्हणून खाली ठेवत होती. विकणारी वैतागून म्हणाली, "अवो बाई, सूप हाये, हंडा नाई." टुरी म्हणाली, "मंग तांदूळ कुठून पडते थे मी पाहू का तू पाहशील?" मी उसाच्या रसाचा पेला हातात धरून उभाच राहिलो. पेल्यात माशी पडली तरी मला कळलं नाही. घरी येऊन मायला सांगितलं, करीन तर त्याच टुरीशी. माय म्हणाली, कोनाची हाये थे तं सांग. चौकशी करता आमगावकडच्या धनलालजींची पारबता निघाली. धनलालजींची धानाची मिल होती, आणि ते माणूस असे की पंचायतीत बोलले की लोक माइक बंद करायचे.

ते आमचं घर पाहायला आले. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि बाबूजींना विचारलं, "टुरा काय करते?"

बाबूजी म्हणाले, "नागपूरले शिकून राह्यला. विजेचं."

धनलालजींच्या भिवया वर गेल्या. त्यांच्या पाहण्यातल्या दुसऱ्या कोणत्या टुऱ्यानं नागपूर पाहिलं नव्हतं. "सांगतो मंग," म्हणाले आणि गेले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझा जीव त्या "सांगतो"वर टांगलेला ठेवून मी नागपूरला परत आलो.

पुढं वैशाखात, इतवारीकडच्या एका कार्यालयात मोठं लग्न होतं. धान्याचा व्यापारी होता, त्याच्या मुलीचं. गर्दी लगित, पाय ठेवायला जागा नाही. मी दारात उभा होतो तोवर आतून आवाज आला, "भात! भात आहे की नाही!" मी हात धुतले, दुपट्टा बांधला. महाराजच आचारी होता. त्यानं न बोलता टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. परात घेऊन मी ओळीत शिरलो, वाकून वाढत चाललो. वाढणारा माणसांची तोंडं पाहत नाही, पत्रावळी पाहतो. वाढता वाढता एका पत्रावळीवर दोन जाड हात आडवे आले. मी सवयीनं बोटांवरून भात टाकला. वरून आवाज आला, "टेकचंद न तू?"

मी वर पाहिलं. धनलालजी. त्यांच्या बाजूला त्यांची बायको, आणि तिच्या बाजूला पारबता. त्या व्यापाऱ्याला धनलालजी तांदूळ विकत, म्हणून लग्नाला आले होते. आणि हे मला मागून कळलं, पण आताच सांगतो, दुसऱ्या दिवशी ते गांधीबागेत माझं कॉलेज पाहायला येणार होते.

"हे शिकून राह्यला का तू नागपूरले?" ते म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नव्हतं. "विजेचं हेच का? बाप सांगते टुरा शिकते, अन टुरा डोक्यावर टोपी घालून लोकायच्या लग्नात भात वाढते?"

ओळीतल्या सगळ्यांचे घास थांबले. मोटार जड झाल्यावर आमच्या घरात थांबायचे तसे. मला सांगता आलं असतं. पण कोणी मोठ्यानं विचारलं की माझं तोंड बंद होते, हा माझा स्वभाव आहे आणि मी तो बदलणार नाही. मी म्हटलं, "भात देऊ का अजून?"

"तुझा भात नाई पायजे मले," असं म्हणून धनलालजींनी गुडघ्यावर हात टेकला. ते उठणार होते. आमच्यात भरल्या पंगतीतून कोणी उठून गेला, तर दोन घरांत पिढीभर बोलणं होत नाही. ते उठले असते तर ती सोयरीक तिथंच संपली असती. माझ्या हातातली परात पहिल्यांदा जड वाटली.

तेवढ्यात नवरीचा बाप धावत आला. "काय झालं? हा मुलगा काही बोलला का? कोणाचा आहे हा?" नवरदेवाकडचे म्हणाले, "तुमचाच ना?" नवरीकडचे म्हणाले, "आमचा कसा? तुमचा." दोघांनी मिळून महाराजाला बोलावलं. महाराज झारा घेऊन आला. "मेरा आदमी नहीं है, साहब. मैंने रोजी देने को कहा तो मेरे ऊपर ही चढ़ गया."

नवरीचा बाप माझ्याकडे वळला. "मग तू कोण?"

"टेकचंद," मी म्हटलं. "तुमचे लोक भात मागत होते अन कोनी देत नोहता. मी दिला."

"आणि फुकट जेवलास!"

"जेवलो नाई अजून. वाढनारा शेवटी जेवते. तुम्हाले नको असन तं बिनजेवता जातो. पण ही ओळ पुरी करून जाईन. अर्ध्या ओळीत परात ठेवत नाई मी."

धनलालजींचा एक पाय उभा, एक मुडपलेला. तेवढ्यात त्यांच्या पलीकडून आवाज आला. तोच, नागऱ्याच्या सुपाजवळचा.

"माझ्या पत्रावळीवर भात नाई."

धनलालजी म्हणाले, "पारबता, चूप बस."

"बसलीच हावो," ती म्हणाली. "उठून तुम्ही राह्यले. मले भूक हाये. वाढा, जी."

मी दोन पावलं सरकलो आणि वाढलं. तिनं हात आडवे धरले नाहीत. मी वाढत गेलो. ती म्हणेल तेव्हा थांबायचं असं मी ठरवलं होतं आणि तिनं बहुतेक ठरवलं होतं की म्हणायचंच नाही. भाताचा ढीग तिच्या नथीला टेकायला आला तेव्हा तिची माय म्हणाली, "अवो, पुरे कर!" ते ती कोणाला म्हणाली हे अजून ठरलेलं नाही. मग पारबतानं मान खाली घातली आणि सगळ्यांसमोर, नवरीचा बाप, नवरदेवाचे काका आणि झारा घेतलेला महाराज यांच्या देखत तो सगळा भात खाल्ला. भाताचं एक शीत पत्रावळीवर सोडलं नाही. तोवर ओळीतलं कोणीही उठू शकत नव्हतं, कारण एक जण जेवत असताना ओळ उठत नाही. धनलालजींना आपला उभा केलेला पाय मुडपून परत बसावं लागलं.

बसल्या बसल्या त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

"रोजी नाई घेत?"

"नाई."

"काऊन?"

"मी का नोकर हावो?"

"मंग मोटार भरता येते का नाई?"

"येते."

"जळलेली?"

"जळलेलीच भरतात, जी. चांगली कोन भरते?"

त्यांच्या मिशा हलल्या. नवरीच्या बापाला ते म्हणाले, "शेटजी, आमच्याकडचा हाये हा. आमच्याकडं असंच वाढतेत. टुरा अडेल हाये, पण हात साफ हाये." मग आपल्या पत्रावळीकडे पाहून माझ्यावर खेकसले, "आता उभा काऊन हायेस? इकडं भात कोन वाढीन, तुझा बाप?" त्या दिवशी शेवटच्या पंगतीत नवरीच्या बापानं मला स्वतः पाट मांडून बसवलं. महाराजानं जिलबी वाढली. मी दोन्ही हात आडवे धरले, तरी त्यानं बोटांवरून वाढली. तो शिकला होता.

सोयरीक ठरली तेव्हा धनलालजींनी एकच अट घातली: लग्नाच्या दिवशी नवरदेवानं परातीला हात लावायचा नाही. मी कबूल झालो. मला वाटलं सोपं आहे. मांडवात आमची गाठ बांधलेली, दोघांच्या डोक्यावर मोर, म्हणजे बाशिंग, आणि बाहेर पंगत बसली. थोड्या वेळानं आवाज आला, "भात!" मी ऐकलं. परत आला, "अगा, भाऽऽत!" माझा गुडघा आपोआप वर आला. तेवढ्यात गाठीला हिसका बसला. पारबतानं पदर मुठीत गुंडाळून घेतला होता. मोराच्या झिरमिळ्यांतून ती म्हणाली, "बसा गुमान. गावात दुसरे टुरे मेले नाईत." मी बसलो. पण बाहेर ज्यानं वाढलं त्यानं कमी वाढलं, हे मला आवाजावरून कळत होतं.

हे सगळं मी नातीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आबाजी, आता असं कोनाच्या लग्नात घुसलं तं व्हिडिओ काढतेत." मी म्हटलं, काढू दे, माझा वाढायचा हात दिसेल. ती आजीला म्हणाली, "आजी, तुला लाज नाही वाटली एवढा भात खायला?" पारबता म्हणाली, "भूक होती व." एवढ्या वर्षांत मी तिच्याकडून दुसरं कारण काढू शकलो नाही.

मागच्या महिन्यात गोंदियाला एका लॉनवर आमच्या नात्यातलं लग्न होतं. आता पंगत नाही. माणसं ताट हातात घेऊन रांगेत उभी राहतात, लंगर लागल्यासारखी. मी बाजूला खुर्चीवर बसलो होतो. रांग लांब झाली होती आणि भाताच्या भांड्यामागे कोणीच नव्हतं. तिथला टुरा मोबाइल घेऊन कुठं गेला होता. लोक झाकण उघडून चमचा शोधत होते. मुलगा म्हणाला, "बाबूजी, बसा, गुडघा दुखते तुमचा." मी उठलो. नळावर हात धुतले, गळ्यातला शेला कमरेला बांधला आणि भांड्यामागे जाऊन उभा राहिलो. रांग सरकायला लागली. ताटं पाहत होतो, तोंडं पाहत नव्हतो. मग एक ताट समोर आलं आणि पुढं सरकेना.

"थोडाच वाढा," पारबता म्हणाली. "डॉक्टरनं नाई सांगितला. शुगर हाये."

तिनं हात आडवे धरले नव्हते. मी वाढलं.